साक्ष लपविणारे अंतःकरण

सूरह अल्-बकरहच्या 283 व्या आयतीत साक्ष लपविण्यास मनाई केली आहे आणि जो ती लपवितो त्याचे अंतःकरण पापी आहे, असे सांगितले आहे. या आयतीवर मी अनेक वर्षे विचार करीत आलो आहे. अपराध येथे जिभेच्या नावावर का लिहिला गेला नाही? तफसीरकारांनी त्याचे उत्तर दिले आहे. जो गप्प बसला, त्याच्या जिभेने काही केलेलेच नाही. त्याच्या हातानेही केलेले नाही. जे केले ते आत केले आणि म्हणून जबाबदारीही आतल्याचीच. मनुष्याच्या न्यायालयाला हा अपराध बहुधा दिसत नाही. त्याला बोललेला शब्द दिसतो, गिळलेला शब्द दिसत नाही.

या आयतीशी माझा संबंध केवळ अभ्यासाचा नाही, हे वाचकांपुढे प्रथमच कबूल केलेले बरे. 1987 सालची गोष्ट. दिवाळीच्या आगेमागे, मगरिबच्या सुमारास, चंद्रपूरहून मूलकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी सायकलने परतत होतो. समोरून कोळशाचा ट्रक आला. पुढच्या बैलगाडीला ओलांडण्यासाठी तो आपली बाजू सोडून माझ्या बाजूला आला, आणि माझ्या पन्नास-साठ पावले पुढे असलेला एक सायकलस्वार त्याखाली गेला. तो मजूर होता. मागच्या कॅरिअरला जेवणाचा डबा आणि कुऱ्हाड बांधलेली होती. ट्रकचा चालक आमच्याच मोहल्ल्यातला होता. त्याच शुक्रवारी मशिदीत त्याचा खांदा माझ्या खांद्याला लागला होता. पोलिसांनी विचारले तेव्हा मी म्हणालो, अंधार पडला होता, मी काही पाहिले नाही. दुसरा साक्षीदार नव्हता. बैलगाडीवाला थांबला नव्हता. पुढे चालक सुटला. कागदावर असे राहिले की, सायकलस्वार अचानक आडवा वळला.

त्या वेळी मी स्वतःची समजूत कशी घातली, तेही सांगितले पाहिजे, कारण ती समजूत आजही पुष्कळांच्या कामी येते. जो मुसलमानाचा दोष झाकील त्याचा दोष अल्लाह झाकील, या आशयाची हदीस मला पाठ होती. मी तिचा आधार घेतला. पुष्कळ उशिरा एका जाणकार आलिमांनी मला समजावून सांगितले की, ते झाकणे बंदा आणि त्याचा रब यांच्यामधल्या दोषांविषयी आहे. कोणी एकांतात घसरला, पश्चात्ताप पावला, तर त्याची दवंडी पिटू नये. पण जेथे दुसऱ्या माणसाचा हक्क बुडतो, तेथे झाकणे म्हणजे त्या हक्कावर माती लोटणे होय. मी एका मुसलमानाचा दोष झाकला नव्हता. एका मेलेल्या माणसाच्या अंगावर तो दोष टाकला होता. सूरह अन्-निसाच्या 112 व्या आयतीत नेमके हेच वर्णन आहे. स्वतः चूक किंवा पाप करून ते निर्दोषावर ढकलणारा मोठे कुभांड आणि उघड पाप आपल्या शिरावर घेतो.

ही आयत ज्या प्रसंगी अवतरली, तो प्रसंग आपल्या समाजाने वारंवार वाचावा असा आहे. तफसीरच्या ग्रंथांतील अनेक रिवायतींनुसार मदीनेत बनू उबैरिक या घराण्यातील एका माणसाने चिलखत चोरले आणि बोभाटा होताच ते एका यहुदी माणसाच्या घरी टाकून आळ त्याच्यावर घेतला. त्याच्या कुळातील लोक प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे आपल्या माणसाची तरफदारी करण्यास आले. बाहेरून पाहता पुरावा यहुद्याच्या विरुद्ध होता. माल त्याच्या घरी सापडला होता. फिर्यादी आपले, आरोपी परका, आणि काळ असा की यहुदी कबिल्यांशी तणाव चाललेला. अशा वेळी 105 पासून 113 पर्यंतच्या आयती अवतरल्या आणि त्यांनी त्या यहुद्याला निर्दोष ठरविले. खियानत करणाऱ्यांच्या बाजूने भांडणारे होऊ नका, अशी ताकीद त्यात आहे. एका बिगरमुस्लिमाची अब्रू वाचविण्यासाठी कुरआनच्या नऊ आयती आल्या, आणि त्या आजतागायत नमाजमध्ये पढल्या जातात.

त्याच सूरहच्या 135 व्या आयतीत न्यायावर ठाम उभे राहण्याची आज्ञा आहे, मग साक्ष स्वतःविरुद्ध जावो, आई-बापांविरुद्ध जावो की नातलगांविरुद्ध. तिच्या शेवटी दोन क्रियापदे आहेत, त्यांकडे लक्ष द्यावे. एक जीभ वाकविण्याचे, दुसरे तोंड फिरविण्याचे. जीभ वाकविणारा खोटी साक्ष देतो. तोंड फिरविणारा साक्षच देत नाही. कुरआनने दोघांना एकाच वाक्यात उभे केले आहे.

आपल्या देशाच्या कायद्याने पहिल्याचा बंदोबस्त पुष्कळ तपशिलाने केला आहे. 1860 च्या भारतीय दंड संहितेचे अकरावे प्रकरण खोटा पुरावा आणि सार्वजनिक न्यायाविरुद्धचे अपराध यांना वाहिलेले होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते चौदावे झाले आहे, कलम 227 ते 269. न्यायालयीन कामात जाणूनबुजून खोटी साक्ष देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत कैद आहे. पुरावा नाहीसा करणे, खोटी फिर्याद गुदरणे, साक्षीदाराला धमकावणे, यांची कलमे वेगळी. खोट्या साक्षीमुळे निर्दोष माणसाला फाशी झाली तर त्या साक्षीदारालाही मृत्युदंड देता येतो. येथे मला सहीह बुखारीत शअबी यांच्या हवाल्याने आलेली ह. अली (रजि.) यांच्या काळातील घटना आठवते. दोघांनी एका माणसाविरुद्ध चोरीची साक्ष दिली आणि त्याचा हात कापला गेला. मग ते दुसऱ्याला घेऊन आले व म्हणाले, आमची चूक झाली, चोर हा आहे. ह. अली (रजि.) यांनी त्यांची नवी साक्ष फेटाळली, पहिल्याच्या हाताची भरपाई त्यांच्याकडून घेतली आणि बजावले की, हे तुम्ही मुद्दाम केले असे मला कळते तर तुमचे हात कापले असते. चूक आणि लबाडी यांतील फरक त्यांनी राखला, पण चुकीची किंमतही वसूल केली.

चूक आणि लबाडी यांतील हा फरक कोणी करावा व कशाच्या आधारे, हा प्रश्न आमच्या या जंगलपट्ट्यातून एकदा साऱ्या देशापुढे गेला होता. देसाईगंज, ज्याला आपण वडसा म्हणतो, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होते. गडचिरोली जिल्हा 1982 मध्ये वेगळा झाला. 26 मार्च 1972 च्या रात्री तेथील पोलीस ठाण्यात एक पोरकी आदिवासी मुलगी जबाबासाठी बोलावली गेली. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. तक्रार तिच्या भावाने केली होती, ती एका तरुणासोबत गेली म्हणून. जबाब झाल्यावर बाकीच्यांना जाण्यास सांगण्यात आले आणि तिला थांबवून घेण्यात आले. ठाण्यातच दोन पोलीस शिपायांनी आपल्यावर अत्याचार केला, असे तिचे म्हणणे होते. बाहेर नातलग आणि गर्दी जमली होती.

1 जून 1974 रोजी सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. निकालात मुलीला खोटारडी म्हटले गेले आणि तिच्या पूर्वीच्या संबंधांचा दाखला देऊन संमतीचा निष्कर्ष काढला गेला. 1976 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो फिरविला. भयाने मुकाट राहणे म्हणजे संमती नव्हे, अशी भूमिका घेऊन एकाला पाच वर्षांची आणि दुसऱ्याला एक वर्षाची शिक्षा दिली. 15 सप्टेंबर 1978 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात, दोघांनाही निर्दोष मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, प्रतिकाराची खूण नाही, हे तेथे महत्त्वाचे ठरले. पुढच्याच वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. त्यातून जी चळवळ उभी राहिली, तिच्यामुळे 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतील अत्याचार हा वेगळा अपराध झाला. अशा खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर न्यायालयाने तिचे म्हणणे गृहीत धरावे, असे ठरले.

ते शिपाई कायद्याने निर्दोष सुटले आहेत आणि मी त्यांच्यावर नव्याने खटला चालवीत नाही. मला विचारायचे आहे ते दुसरेच. कोणाला खोट्या साक्षीचा अपराधी ठरवायचे तर कायद्याने केवढी काळजी घेतली आहे पाहा. न्यायालयाला प्रथम स्वतःचे मत बनवावे लागते की, चौकशी करणे न्यायाच्या हिताचे आहे. मग रीतसर तक्रार करावी लागते. मग आरोपीला बचावाची संधी मिळते. पण निकालपत्रात एखाद्या मुलीला खोटारडी म्हणण्यास यांपैकी काहीच लागत नाही. ती मुलगी आरोपी नव्हती, त्यामुळे तिला बचाव नव्हता. आणि तिच्या नावामागे ते विशेषण देशभर गेले. पुरावा अपुरा आहे असे म्हणून आरोपीला सोडणे हा न्यायाधीशाचा अधिकार आहे, कधी कधी कर्तव्यही. फिर्यादीला खोटी म्हणणे ही मात्र स्वतःच एक साक्ष आहे, आणि तिलाही आधार लागतो.

येथे प्रेषितांच्या (स.) काळातील एक प्रसंग ठेवण्याजोगा आहे. तिर्मिजी आणि अबू दाऊद यांच्या संग्रहांत तो आला आहे. एक स्त्री नमाजसाठी निघाली असता वाटेत एकाने तिच्यावर बळजोरी केली आणि तो पळाला. तिच्या ओरडण्याने लोक धावले. जवळून जाणाऱ्या दुसऱ्याच माणसाकडे तिने बोट दाखविले आणि तो पकडला गेला. त्याच्याविषयी आज्ञा होणार, इतक्यात खरा अपराधी उभा राहिला व म्हणाला, तो नव्हे, मी. प्रेषितांनी (स.) त्या स्त्रीला सांगितले की, जा, अल्लाहने तुला क्षमा केली आहे, आणि धरल्या गेलेल्या निर्दोष माणसाशी ते सौम्य शब्दांत बोलले. तिचे बोट चुकले होते, एका निर्दोषाच्या जिवावर बेतले होते, तरी तिला कोणी खोटारडी म्हटले नाही. तिच्यावर आळ घेतल्याचा खटला झाला नाही. तिचे दुःख खरे होते, ओळख चुकीची होती, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या गेल्या. तिच्याकडे चार साक्षीदार मागितले गेले नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. कारण चार साक्षीदारांची अट आळ घेणाऱ्याच्या तोंडाला लगाम घालण्यासाठी आहे, पीडितेचे तोंड बंद करण्यासाठी नाही. पाकिस्तानात 1979 च्या हुदूद अध्यादेशांनंतर ही गोष्ट विसरली गेली, तक्रार करणाऱ्या स्त्रियाच तुरुंगात गेल्या, आणि ती दुरुस्त करण्यास 2006 उजाडले. दुसऱ्यांच्या न्यायालयांविषयी बोलताना आपल्या घरातली ही जखम झाकून चालणार नाही.

सूरह अन्-नूरच्या चौथ्या आयतीत शीलवान स्त्रीवर पुराव्याविना आळ घेणाऱ्याला ऐंशी फटके सांगितले आहेत, आणि पुढे त्याची साक्ष कधीही स्वीकारू नये असे म्हटले आहे. देसाईगंजच्या निकालाच्या वेळी आपल्या पुरावा कायद्यात उलट सोय होती. बलात्काराच्या खटल्यात फिर्यादी स्त्रीचे चारित्र्य वाईट आहे असे दाखवून तिची विश्वासार्हता खोडता येत असे. ती तरतूद 2002 च्या दुरुस्तीने वगळली गेली. आणखी एक बारीक नोंद. 1983 च्या दुरुस्तीने पीडितेचे नाव प्रसिद्ध करणे गुन्हा ठरला. ते कलम, 228 अ, दंड संहितेच्या त्याच अकराव्या प्रकरणात, खोटी साक्ष व न्यायात अडथळा यांच्या शेजारी बसविले गेले. ते तेथे का बसविले याचा खुलासा मी कोठे वाचला नाही, पण मला ती जागा योग्य वाटत आली आहे. पीडितेला गावात तोंड दाखविता येणार नाही अशी व्यवस्था करणे, हा न्यायाचा रस्ता अडविण्याचाच प्रकार आहे. नव्या संहितेत ते स्त्रियांविरुद्धच्या अपराधांच्या प्रकरणात गेले आहे.

आता भयाचा प्रश्न. मूल रस्त्यावर मला कोणी धमकावले नव्हते. पण ज्यांना धमकावले जाते त्यांचे काय? आपल्या समाजाला यासंबंधी एक उदाहरण जवळून माहीत आहे. 1 मार्च 2002 रोजी बडोद्याच्या बेस्ट बेकरीत चौदा माणसे मारली गेली. जाहिरा शेख ही प्रमुख साक्षीदार न्यायालयात उलटली, जून 2003 मध्ये सारे एकवीस आरोपी सुटले. मग तिने सांगितले की भीतीने आपण खोटे बोललो. एप्रिल 2004 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेरखटला महाराष्ट्रात हलविला. मुंबईत ती पुन्हा उलटली. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या चौकशीत पैशाची देवघेव झाल्याचा निष्कर्ष निघाला आणि 8 मार्च 2006 रोजी तिला न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक वर्षाची कैद व पन्नास हजारांचा दंड झाला. त्याच्या थोडेच आधी, 24 फेब्रुवारीस, मुंबईच्या न्यायालयाने इतर साक्षींच्या बळावर नऊ जणांना दोषी ठरविले होते. जे जखमी कामगार अखेरपर्यंत साक्षीवर टिकले, त्यांची नावे आज कोणाच्या ओठांवर नाहीत. जाहिराचे नाव सर्वांना ठाऊक आहे.

तिचा बचाव मी करणार नाही. मात्र सूरह अल्-बकरहची 282 वी आयत, जी कुरआनमधील सर्वांत दीर्घ आयत आहे, ती वाचताना एक गोष्ट निसटू नये. साक्षीदाराला बोलावले असता त्याने नकार देऊ नये, असे तेथे सांगितले आहे. आणि त्याच आयतीत पुढे, लिहिणाऱ्याला व साक्षीदाराला इजा पोहोचवू नये, असेही सांगितले आहे. इजा पोहोचविली तर ती तुमची अवज्ञा ठरेल. म्हणजे साक्षीचे कर्तव्य एकट्या साक्षीदाराचे नाही. जो समाज साक्षीदाराला सुरक्षित ठेवीत नाही, त्याने आज्ञेचा अर्धा भाग मोडला आहे आणि उरलेल्या अर्ध्याबद्दल तो साक्षीदाराला जाब विचारतो आहे. आपल्याकडे साक्षीदार संरक्षण योजनेला सर्वोच्च न्यायालयाने मान्यता दिली ती डिसेंबर 2018 मध्ये.

गडचिरोलीच्या दक्षिणेकडे, भामरागड-एटापल्लीच्या बाजूला, भय हा शब्द पुस्तकी नाही. पोलिसांशी बोलला म्हणून खबरी ठरवून माणसे मारली गेली आहेत. आणि न बोललेल्याकडे पोलिसांनी संशयाने पाहिले आहे. माडिया बोलणारा माणूस दीडशे किलोमीटरहून दूर जिल्हा न्यायालयात येतो, मराठीतल्या प्रश्नाचे दुभाष्यामार्फत उत्तर देतो, आणि परत त्याच पाड्यात राहावयास जातो. अशा माणसाच्या मौनाला आपण पाप म्हणावे काय? फकीहांनी बळजबरीचा विचार केला आहे. जिवाच्या भयाने तोंडून कुफ्राचा शब्द निघाला तरी अंतःकरण ईमानवर स्थिर असल्यास माणूस सुटतो, हे सूरह अन्-नहलमध्ये आहे. परंतु स्वतःचा जीव वाचविण्यासाठी निर्दोषाचा जीव घेण्याची मुभा नाही, यावर फकीहांचे एकमत आहे. मालमत्तेच्या नुकसानीत हनफी फकीह भरपाईचा बोजा धमकी देणाऱ्यावर टाकतात. यावरून मला असे वाटते की, त्या माडिया माणसाचे मौन आणि माझे मौन एका तागडीत घालता येणार नाही. त्याच्या मौनाचा हिशेब मुख्यतः ज्यांनी त्याला मुके केले त्यांच्याकडे मागितला जाईल. माझ्या मौनाला असा कोणी दुसरा धनी नाही. मला भय नव्हते, मला फक्त मोहल्ल्यात वाईट व्हायचे नव्हते. आणि आपल्यापैकी बहुतेकांचे मौन हे माझ्या जातीचे असते, हे आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. सूरह यूसुफमध्ये सदऱ्याची साक्ष देणारा त्या स्त्रीच्याच घरातला होता, असे कुरआनने मुद्दाम नोंदविले आहे. परक्याने साक्ष दिली असती तर त्याचा उल्लेखही झाला नसता कदाचित.

माणसाच्या हक्काचे पाप केवळ इस्तिगफारने फिटत नाही. हक्क परत करावा लागतो. ज्या आलिमांचा वर उल्लेख केला, त्यांनी मला एवढेच विचारले की, त्या घरच्यांना ठाऊक आहे काय? मी एका वकिलांनाही विचारून पाहिले. ते म्हणाले, आता त्या जबाबाला अर्थ नाही, प्रकरण केव्हाच संपले, पोलिसांपुढचा जबाब शपथेवरही नसतो. कायद्याच्या बाजूने मी मोकळा होतो.

ट्रकचा चालक वारल्यानंतर, म्हणजे माझ्या भित्रेपणाला आणखी एक सबब उरली नाही तेव्हा, मी त्या मजुराचे गाव शोधत गेलो. त्याची बायको हयात नव्हती. मुलगा भेटला, बापाच्या मृत्यूच्या वेळी तो चार वर्षांचा होता. नुकसानभरपाईचा दावा टिकला नव्हता, कारण चूक बापाचीच होती असे कागद सांगत होता. मी त्याला सारे सांगितले. तो बराच वेळ अंगणातल्या बांबूच्या काड्या गोळा करीत राहिला. मग त्याने विचारले, "हे कोर्टात सांगाल का?" मी म्हणालो, कोर्टाचा विषय आता राहिला नाही. "मंग गावात सांगा ना, चाचा," तो म्हणाला. "गावातले अजून म्हणतेत, बुढा आंधळ्यावानी सायकल चालवे."

त्या संध्याकाळी समाजमंदिरापुढे पंधरा-वीस माणसे जमली. बहुतेकांना तो मजूर आठवत नव्हता. मी उभा राहिलो आणि 1987 मध्ये जे पाहिले होते ते सांगितले, ट्रक कोणत्या बाजूने आला ते आणि तो कोणाचा होता तेही.